बॅटरी ठणठणीत, गाडी ठप्प

कोकणातल्या काही किनाऱ्यांवर पर्यटकांना फिरवणारी, चार फुगीर टायरांची आणि मोटरसायकलसारखे हँडल असलेली गाडी तुम्ही पाहिली असेल. तिला एटीव्ही म्हणतात. वाळू, चिखल, खारे पाणी, कशालाच ती भीत नाही. पण एखाद्या सकाळी चालकाने स्टार्टरचे बटण दाबावे, तर नुसता 'टक्' आवाज! पुढचा दिवा लख्ख लागतो. मीटर लावला तर बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, म्हणजे जवळजवळ पूर्ण भरलेली. ऐन हंगामात गाडी उभी राहिली की कमाई बुडते, म्हणून घाईघाईने नवी बॅटरी आणली जाते. ते पैसे खर्च करण्यापूर्वी ओहमचा नियम आठवावा.

विद्यार्थी मित्रांनो, दिव्याला या बॅटरीतून सुमारे ३ अँपियर प्रवाह लागतो. स्टार्टर मोटरला मात्र सुरुवातीला १०० अँपियरच्या आसपास. मोटरकडून परत येण्यासाठी वेगळी तार नसते. प्रवाह इंजिन व सांगाडा यांच्या धातूतून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परततो. ऋण टोकाची जाड केबल जेथे सांगाड्याला बोल्टने आवळलेली असते, तेथे गंज चढून ०.१२ ओहम रोध निर्माण झाला असे समजा. दिव्याच्या प्रवाहामुळे तेथे ३ × ०.१२ = ०.३६ व्होल्ट खर्ची पडतील. दिवा किंचित मंद होईल, पण डोळ्यांना ते जाणवणार नाही.

आता मोटर घ्या. बॅटरी, केबल आणि थांबलेली मोटर यांचा मिळून रोधही ०.१२ ओहमच धरू. निरोगी गाडीत १२.६ ÷ ०.१२ = १०५ अँपियर वाहतील. गंजामुळे एकूण रोध दुप्पट झाला, म्हणून प्रवाह निम्मा, ५२.५ अँपियर. त्यातही ६.३ व्होल्ट त्या सांध्यावरच संपले! तेथे ६.३ × ५२.५, म्हणजे सुमारे ३३० वॅट उष्णता निर्माण होते. असा सांधा कधी कधी हाताला चांगलाच गरम लागतो.

मग मीटरला हे का कळले नाही? मल्टिमीटरचा स्वतःचा रोध साधारण १ कोटी ओहम असतो. त्यातून वाहणारा प्रवाह जेमतेम एक मायक्रोअँपियर! इतक्या क्षीण प्रवाहापुढे गंजाचा अडसर दिसणार कसा? स्वस्थ बसलेल्या बॅटरीचे १२.६ व्होल्ट हे काही प्रशस्तिपत्र नव्हे. सांध्याचा रोधच थेट मोजू म्हणाल, तर मीटरच्या तारांचा रोधही तेवढाच किंवा अधिक भरतो.

तेव्हा मोजायचे ते प्रवाह चालू असताना. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा. मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकाच्या शिशावर टेकवा, केबलच्या कडीवर नव्हे. दुसरी सुई इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवा आणि सोबत्याला दोन-तीन सेकंद बटण दाबायला सांगा. मार्ग चांगला असेल तर पाव व्होल्टच्या आसपास विभवांतर दिसते. दोन-तीन व्होल्ट दिसले, तर चोर याच वाटेवर आहे. मग एकेक टप्पा तपासा: शिसे ते कडी, केबलचे एक टोक ते दुसरे, कडी ते सांगाडा. आकडा जेथे उडी घेईल तेथे दोष. धन बाजूही अशीच तपासावी. वाटेतला रिले विसरू नका. 'टक्' आवाज त्याचाच, कारण त्याच्या वेटोळ्याला थोडासाच प्रवाह पुरतो.

बटण दाबल्यावर खुद्द बॅटरीच्या दोन टोकांतील दाबच सहा-सात व्होल्टपर्यंत कोसळला, तर मात्र बहुधा बॅटरी थकलेली किंवा उतरलेली असते. एक गंमत सांगतो. नवी बॅटरी बसवताना मेकॅनिक केबलच्या कड्या खरवडून पुन्हा आवळतो. दोष तेथेच असला तर गाडी सुरू होते, आणि श्रेय बॅटरीला मिळते!

सांधा साफ करताना ऋण केबल आधी काढावी. ती जोडलेली असताना धन टोकावरचा पाना सांगाड्याला टेकला, तर शेकडो अँपियरचा प्रवाह त्या पान्यातून धावतो. शिवाय भरताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, त्याला एक ठिणगी पुरते. धातू पॉलिश कागदाने चकाकेपर्यंत घासा, बोल्ट घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. जोडताना ऋण केबल शेवटी.