नेरेत्वेवरील पूल

बाल्कन प्रदेशाचे नाव निघाले की आपल्या वाचकांस एकेकाळी टिटोंचा युगोस्लाव्हिया आठवत असे. तो देश आता नकाशावर उरलेला नाही. त्याच्या विघटनातून जी राष्ट्रे निर्माण झाली, त्यांपैकी बोस्निया-हर्झेगोव्हिना हे एक. तेथील मोस्तार शहरी आम्ही एका सकाळी टॅक्सी ठरविली आणि सूर्यास्तापर्यंत आसपासचा मुलूख पाहिला. टॅक्सीवाला मितभाषी गृहस्थ होता. तुमची भाषा कोणती, असे विचारता क्षणभर थांबून तो म्हणाला, ‘‘आमची.’’ परस्परांस सहज समजणारी वाणी तेथे बोस्नियन, क्रोएशियन आणि सर्बियन अशा तीन नावांनी ओळखली जाते. भाषेचे नाव उच्चारावे, तर बोलणाऱ्याचा पक्ष उघड होतो. भाषावादाचे चटके सोसलेल्या गोमंतकीयास या उत्तरातील सावधपणा समजावून सांगावयास नको.

ब्लागाय येथे उंच कड्याखालच्या गुहेतून बुना नदी भरल्या पात्रानेच बाहेर पडते. उगमालगत दर्वेशांचा जुना मठ आहे. पुढे नेरेत्वा नदीच्या काठी, डोंगरउतारावर पोचितेल हे दगडी गाव लागते. तेथील १५६३ सालची मशीद १९९३ च्या युद्धात जखमी झाली होती. मात्र मनात घर करून राहिले ते स्तोलाट्सनजीकचे रादिम्ल्या. तेथे मध्ययुगातील १३३ प्रचंड शिलाथडगी आहेत; काहींवर हात उंचावलेला पुरुष कोरलेला आहे. कॅथॉलिक, ऑर्थोडॉक्स आणि बोस्नियाच्या स्वतंत्र चर्चचे अनुयायी, या सर्वांनी अशीच थडगी उभारली. मृतांना एका घडणीचा दगड चालत होता. वाटणी केली ती पुढे जिवंतांनी.

सायंकाळी मोस्तारचा पूल पाहिला. सुलतान सुलेमानच्या आज्ञेवरून मिमार हैरुद्दीन याने तो १५६६ साली पुरा केला. सुमारे २९ मीटरांची एकच कमान! या शहराचे नावच पूल राखणाऱ्यांवरून पडले आहे. ९ नोव्हेंबर १९९३ रोजी क्रोएट सैन्याच्या तोफांनी तो नेरेत्वेत पाडला. पुढे तो पूर्वीच्याच पद्धतीने पुन्हा बांधण्यात आला आणि २३ जुलै २००४ रोजी खुला झाला. पुलाच्या टोकाशी एक दगड आहे. त्यावर लिहिले आहे: ’९३ विसरू नका.

या दगडापाशी आम्हांस आपला इतिहास आठवला. ज्या दशकात हा पूल पुरा झाला, त्याच दशकात साष्टीतील देवळे पाडली जात होती आणि आपले पूर्वज दैवतांना घेऊन जुवारी ओलांडीत होते. पलीकडचा अंत्रुज महाल तेव्हा आदिलशाहीत होता. म्हणजे एका परधर्मी सत्तेने उद्ध्वस्त केलेल्या देवांस दुसऱ्या परधर्मी सत्तेच्या भूमीत आसरा मिळाला! ती आठवण आपण विसरलो नाही, विसरूही नये. परंतु त्या आठवणीचा सूड शेजारच्या ख्रिस्ती घरावर उगवावा, असे गोमंतकातील सामान्य हिंदूच्या मनात आले नाही. दसऱ्याचे सोने आणि नाताळची नेवरी कुंपणावरून येत-जात राहिली. हे शहाणपण कोणत्याही कायद्याने शिकविलेले नाही.

मोस्तारमध्ये दगड पुन्हा जुळले. मने जुळविणे कठीण ठरले आहे. त्या मुलुखातील काही शाळांत आजही एकाच छपराखाली क्रोएट आणि बोस्नियाक मुले वेगवेगळ्या अभ्यासक्रमानुसार शिकतात. ‘विसरू नका’ हे दोघांसही सांगितले जाते. काय विसरू नये, ते मात्र प्रत्येकास निराळे.

आपली मुले अद्याप एका बाकावर बसतात. बाक मोडावयास तोफा लागत नाहीत, हे मोठ्यांनी ध्यानात ठेवावे.