सोन्याचा अणू फुगला का नाही?

डिलाईल रोडच्या एखाद्या सराफाकडे सारख्याच आकाराचे दोन भरीव मणी वजनाला टाका, एक चोख सोन्याचा, एक चांदीचा. सोन्याचा पावणेदोनपटीहून थोडा जास्तच भरेल. आवर्तसारणीत सोनं चांदीच्या बरोब्बर खाली, इलेक्ट्रॉन ४७ ऐवजी ७९. मग अणूही मोठाच हवा ना? छे! दोघांची त्रिज्या सुमारे १४४ पिकोमीटर. दोघांच्या मधल्या लॅन्थेनाइड मूलद्रव्यांत भरलेले १४ एफ-इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ नीट अडवत नाहीत, म्हणून बाहेरचे इलेक्ट्रॉन आत खेचले जातात. वर सोन्याचे आतले इलेक्ट्रॉन इतके वेगवान की सापेक्षतेचा परिणामही अणू आवळतो. म्हणूनच सोनं-चांदी कुठल्याही प्रमाणात बिनबोभाट मिसळतात. झिर्कोनियम-हाफ्नियम ही अशीच जुळी, पण त्यांना वेगळं करताना घाम फुटतो. आणि करावंच लागतं: तारापूरच्या अणुभट्टीतल्या इंधननळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या, अन् हाफ्नियम न्यूट्रॉन गिळतं!