मिक्सरच्या चाकाखालचा पाइप

शेजारच्या प्लॉटवर बांधकाम निघालं की सामायिक रस्त्यावरून ट्रान्झिट मिक्सर येऊ लागतात. सहा घनमीटर ओलं काँक्रीट म्हणजे सुमारे 14 टन; गाडीचं वजन वेगळं. चाकाचा दाब मातीत खाली जाताना पसरत कमी होतो, म्हणून खोलवरची लाइन तगते आणि वीतभर मातीखालचा पाइप चेपतो किंवा सांध्यात निखळतो. वर जाड लोखंडी प्लेटा टाकल्या की भार रुंद जागेवर वाटला जातो. पावसाळ्यात, माती भिजल्यावर, त्या हव्यातच.

बांधकामासाठी रस्ता खणायचा असेल, तर त्याआधी लाइनमालक संस्थांना कळवण्यासाठी 2023 पासून केंद्र सरकारचं ‘कॉल बिफोर यू डिग’ अ‍ॅप आहे. पण घरात वळलेल्या जोडण्या नकाशावर असतीलच असं नाही. तिथे जेसीबी थांबवून आधी हाताने खड्डा घ्यायला लावा, शेजाऱ्यांच्या समोर.