तात्यांनी पाहिलेले ग्रोनिंगन



आपल्या कार्यक्षेत्रातील औसा तालुक्याचे एक जुने सभासद गाळप हंगामाच्या तोंडावर सपत्नीक परदेशी जाऊन आले. गाव त्यांना तात्या म्हणते, आपणही तेच म्हणू. त्यांचा मुलगा इंजिनिअर असून सून व नातीसह नेदरलँड्स देशाच्या उत्तरेकडील ग्रोनिंगन शहरी राहतो. परत आल्यावर तात्या गट कार्यालयात नोंद द्यायला आले आणि तासभर बोलत बसले. त्यातले चार शब्द आपणासही उपयोगी पडतील म्हणून हा लेखनप्रपंच.

ग्रोनिंगन काही मोठे शहर नव्हे. वस्ती दोन लाखांवर, म्हणजे आपल्या लातूर-नांदेडपेक्षा लहानच. विद्यापीठ मात्र १६१४ सालचे. सगळे गाव सायकलवर. सूनबाई नातीला सायकलवरच शाळेत सोडतात, आणि मोठमोठे प्रोफेसरही पावसात भिजत पायडल मारत जातात. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड आणि डिसेंबरात साडेचारच्या आत दिवेलागण. "माणसं भली हैत साहेब," तात्या म्हणाले, "पण कुणी न सांगता दारात येत नाही. आमच्या हिला बोलायला माणूस नव्हतं. ज्वारीचं पीठ नेलं होतं, ते संपल्यावर तिचं मन तिथं लागंना."

तात्यांचे मन रमले ते साखर कारखान्यात. शहराच्या पश्चिम कडेला बीटापासून साखर करणारा मोठा कारखाना आहे, आणि तोही आपल्यासारखाच शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या मालकीचा. मार्च-एप्रिलात पेरलेले बीट सप्टेंबरपासून येऊ लागते. आलेल्या बीटाचा नमुना काढून माती किती, साखर किती हे तपासतात आणि त्या-त्या शेतकऱ्याला त्याप्रमाणे भाव देतात. आपल्याकडे सगळ्या कारखान्याचा सरासरी उतारा धरतात, हा फरक तात्यांनी बरोबर टिपला.

पण मूळ गोष्ट पुढेच आहे. एका रात्री घर हलले. कपाटातली भांडी वाजली. तात्या किल्लारीच्या बाजूचे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट त्यांनी अंगावर काढलेली. गणपती विसर्जनाच्या त्या रात्री आपल्या लातूर-धाराशिव भागातली सुमारे दहा हजार माणसे गेली. तात्यांनी काही न विचारता झोपलेली नात उचलली आणि अनवाणी रस्त्यावर आले. मागून सगळे घर आले. गल्लीत दुसरे कोणीच बाहेर नव्हते. शेजारची एक म्हातारी तेवढी दार उघडून आली. तिने खुणेनेच आत बोलावले, कॉफी दिली. भाषा एकमेकांची कळत नव्हती, पण तात्यांचे हात थरथरत होते ते तिला कळले.

दुसऱ्या दिवशी मुलाने सगळा प्रकार समजावला. किल्लारीचा भूकंप निसर्गाचा. इथला माणसाने ओढवून घेतलेला. या भागात १९५९ साली जमिनीखाली प्रचंड गॅस सापडला. साठ वर्षे तो उपसला, देश त्यावर श्रीमंत झाला, आणि पोटातली पोकळी दबू लागल्याने वरची जमीन हलू लागली. २०१२ साली ३.६ तीव्रतेचा धक्का बसला. घरांना तडे गेले. लोक वर्षानुवर्षे ओरडत राहिले. शेवटी २०२३ साली उपसा थांबला, २०२४ साली कायमचा बंद झाला. तरी धक्के लगेच थांबत नाहीत. मुलाने त्यांना बसने उत्तरेकडच्या एका खेड्यात नेले. तिथे भिंतींना लाकडी टेकू दिलेली घरे तात्यांनी डोळ्यांनी पाहिली.

परतीच्या आधी मुलाने विचारले, "बाबा, बोअरसाठी पैसे किती पाठवू?" तात्यांच्या रानात दोन बोअर आधीच कोरडे गेलेले. तिसरा सातशे फुटांवर घ्यायचे ठरले होते. तात्या म्हणाले, "थांब जरा."

मला ते म्हणाले, "साहेब, बोअरनं भूकंप होत नाही, ते मला कळतंय. पण खालचं काढत राहिलं की हिशेब वरच्याला द्यावा लागतो, हे तिथं बघितलं."

हा हिशेब आपणही दिला आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूरची तहान भागवावी लागली, हे आपण इतक्यात विसरलो काय?

तात्यांनी तिसरा बोअर रद्द केला. त्या पैशात दोन एकर उसाला ठिबक बसवले, उरलेल्या एकरात हरभरा घेतला. खोडव्याचे पाचट न पेटवता सरीत दाबले. ऊस कमी लावला म्हणून कारखान्याचा माणूस या नात्याने मला वाईट वाटायला हवे. पण उन्हाळ्यात वाळणाऱ्या चार एकरांपेक्षा गाळपाला येणारे दोन एकर कारखान्यालाही परवडतात.

तरी नवीन बोअर घेण्याआधी सभासदांनी एकदा गट कार्यालयात यावे. विहिरीचे पाणी उन्हाळ्यात किती तास चालते ते सांगावे, म्हणजे लागण किती करावी याचा हिशेब आपण मिळून मांडू.