अपडेटनंतर स्क्रीन बिघडली? लगेच फॉरमॅट नको!

संगणक रात्री अपडेट झाला आणि सकाळी बघावं तर अक्षरं ही एवढाली, फोटो ताणल्यासारखे! आमच्या सास्तूरहून मग लोहाऱ्याला दुरुस्तीला न्यायची तयारी सुरू होते. कुणीतरी म्हणतं, "फॉरमॅट मारा." त्यात मुलांचे दाखले, लग्नाचे फोटो कायमचे पुसले जाऊ शकतात.

मैत्रिणींनो, अशा वेळी यंत्र बहुधा ठणठणीत असतं. बिघडतो तो ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि चित्र काढणारा भाग यांच्यातला दुभाषा.

स्टार्टवर उजवं बटण दाबून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. 'डिस्प्ले अडॅप्टर्स'खाली 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' दिसलं, तर खरा ड्रायव्हर जाऊन कामचलाऊ बसलाय असं समजा. संगणकाच्या कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. (भलत्याच साइटवरचा फुकट ड्रायव्हर घेऊ नये, त्यातून व्हायरस येतो.) इंटेल, एनव्हिडिया असं नाव असूनही स्क्रीन लुकलुकत असेल, तर नावावर डबल क्लिक करून 'ड्रायव्हर'मध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबा, जुना परत येतो. बटण फिकं असेल तर जुना शिल्लक नाही.

स्क्रीन काळीच असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबून पाहा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची मोफत साथ संपल्यावर पुष्कळजणी ११ वर गेल्या. नव्यावरून मागे फिरायला 'रिकव्हरी'त साधारण १० दिवसच मिळतात.

फॉरमॅट करावाच लागला, तर आधी फोटो पेन ड्राइव्हवर घ्या आणि दुसऱ्या संगणकावर उघडून बघा.