कृषि विद्यापीठांतील नोकरी व कास्तकारांचीं मुलें

अकोल्याचें डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ दि. २० ऑक्टोबर १९६९ रोजीं स्थापन झालें. तेथें मुलास नोकरी लावण्याकरितां कोणास भेटावें, असें जठारपेठेंत आमच्याकडे येणारे कास्तकार बंधु पुसतात. आमचें उत्तर एकच : माणसास भेटूं नये, जाहिरात वाचावी.

नोकऱ्या दोन प्रकारच्या. अध्यापकवर्गांत सहायक प्राध्यापक ही पहिली पायरी. तीस सामान्यतः त्या विषयाची पदव्युत्तर पदवी व राष्ट्रीय पात्रता परीक्षा लागते. कृषि विषयांची ही परीक्षा दिल्लीचें कृषि शास्त्रज्ञ निवड मंडळ घेतें. दुसरा वर्ग लिपिक, प्रयोगशाळा परिचर, माळी, मजूर इत्यादिकांचा. ज्यांची जमीन सरकारी प्रकल्पांत गेली, त्यांस गट क व ड मध्यें शेंकडा ५ समांतर आरक्षण असतें. मात्र प्रकल्पग्रस्ताचा दाखला हवा.

महसूल खात्याच्या चाकरींत आम्हीं पाहिलें कीं, हुशार मुलगाही परीक्षेंत न अडतां दाखल्यांत अडतो. सबब अधिवास, जातवैधता व नॉन-क्रीमिलेयर यांपैकीं लागू असतील ते कागद जाहिरातीपूर्वींच करून ठेवावे; त्यांवरील नांव व जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशीं ताडून पाहावी.

पैसे घेऊन जागा देऊं म्हणणारे दलाल भेटतील. लांच देणें हाही गुन्हा होय, आणि दिलेल्या रकमेची पावती कोणी देत नाहीं. अशा सौद्यांत नोकरीचा भरंवसा नसतो. विकलेलें शेत मात्र खात्रीनें जातें.