गंजाशी गाठ : जुन्या प्रवासी गाडीची निगा

तंजावरला जाणारा मराठी प्रवासी बृहदीश्वर मंदिरातील, इ. स. १८०३ मध्ये सरफोजी राजांनी कोरविलेला मराठी शिलालेख पाहतो, सरस्वती महाल ग्रंथालयात डोकावतो आणि परततो. जुन्या कोटाच्या पूर्वेकडील ‘बीरंगी मेडू’ या उंचवट्यावरची लोखंडी तोफ मात्र पुष्कळांच्या नजरेतून निसटते. सतराव्या शतकात, रघुनाथ नायकांच्या कारकिर्दीत, घडीव लोखंडाच्या पट्ट्या व कडी तापवून आणि ठोकून सांधलेली ही तोफ सुमारे ७.५ मीटर लांब व २२ टन वजनाची आहे. शतकानुशतके ऊन व ईशान्य मोसमी पाऊस सोसूनही ती शाबूत आहे. तिच्या नळीची भिंत जवळजवळ १५ सेंटिमीटर जाड आहे. वरचा थर गंजला तरी आतला गाभा टिकतो.

प्रवासी ज्या गाडीतून तेथे पोहोचतो, तिच्या अंगाचा पत्रा मात्र जेमतेम ०.८ मिलिमीटर जाडीचा असतो. येथे गंजाला सवड देणे परवडत नाही. जुन्या व्हॅनमध्ये झोपण्याची व स्वयंपाकाची सोय करून सहकुटुंब भ्रमंती करणाऱ्यांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे.

गंज कोठून शिरतो?

लोखंड, पाणी व प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो. खाऱ्या हवेत त्याला वेग येतो. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून रंगाला फुगवटे येतात. तो सच्छिद्र असल्याने ओलही धरून ठेवतो. चाकांवरच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, खिडक्यांच्या रबराखालची खाच आणि छपराची पन्हळ ही त्याची आवडती ठिकाणे. शिवाय स्वयंपाकाची वाफ व श्वासातील ओल रात्री थंड पत्र्यावर साचते आणि आतील अस्तरामागे गुपचूप काम करीत राहते. बाहेर फुगवटा दिसेपर्यंत पत्रा आतून पोखरलेला असू शकतो.

दुरुस्तीचा क्रम

प्रथम अस्तर व रबरी पट्ट्या काढून संशयित जागा स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहाव्यात. शाबूत पत्रा खणखणीत वाजतो, पोखरलेला बद्द. लोहचुंबक जेथे नीट धरत नाही, तेथे पूर्वी कोणी पुट्टी भरलेली असण्याचा संभव असतो.

गंज वरवरचा असेल तर तो चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावा, खळग्यांत उरलेल्यावर फॉस्फोरिक आम्लयुक्त गंजनाशक लावावे व जागा स्वच्छ करून, पूर्ण वाळवून त्याच दिवशी प्रायमर द्यावा. दमट हवेत उघडा पत्रा काही तासांतच पुन्हा गंजतो.

पत्र्याला भोक पडले असल्यास शाबूत धातू लागेपर्यंत तो भाग कापून तेवढ्याच जाडीचा तुकडा वेल्डिंगने बसवावा. एकसलग वेल्डिंगने पत्रा वाकतो; म्हणून जागा बदलत लहान टाके घालावेत. त्याआधी गॅस सिलिंडर, पडदे व गाद्या बाहेर काढणे, बॅटरीची जोडणी सोडणे आणि अग्निशामक हाताशी ठेवणे अगत्याचे. पुट्टी केवळ पृष्ठभाग सपाट करण्यासाठी आहे. भोकावर ती भरली तर आतील गंज झाकला जातो, थांबत नाही. शेवटी सांधे सीलंटने बंद करावेत, पोकळ भागांत संरक्षक मेण फवारावे. मात्र पाण्याच्या निचऱ्याची छिद्रे मोकळी ठेवावीत.

चासी, सस्पेन्शनचे आधार व आसनपट्ट्यांची बैठक यांवर प्रवाशांचा जीव अवलंबून असतो. तेथील काम अनुभवी कारागिराकडूनच करवून घ्यावे.

खर्चाचा हिशेब

खासगी वाहनाच्या नोंदणीची मुदत १५ वर्षे असते. त्यानंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. वापरामुळे होणारी झीज वाहनविम्यात मोडत नाही, म्हणून गंजाचा खर्च मालकाच्याच खिशातून जातो. जुनी गाडी घेताना, कर्जाचा अर्ज करण्यापूर्वी, ती गॅरेजमध्ये उचलून खालून पाहावी. नव्या रंगाच्या झळाळीवर किंमत ठरवू नये. वेळीच हेरलेला फुगवटा घासकाम व प्रायमरवर भागतो. दुर्लक्षिलेला पत्रा कापायला लावतो. नागपट्टिणम असो वा कोकण, समुद्रकाठाहून परतल्यावर गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुण्याची सवय हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.